मातृभाषा आणि व्हायोलिन
(पालक-मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला जपानमधील एका व्हायोलिन-शिक्षकाविषयी बोलायचे आहे. पालकांच्या सभेत व्हायोलिनचे काय काम, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. फी, हजेरी, निकाल हे नेहमीचे विषय सोडून हा मास्तर कुठे निघाला, असेही वाटेल. पण निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात एक वाक्य मला दरवर्षी ऐकू येते, आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर मला याच माणसाच्या कामात सापडले. ते वाक्य असे : "मास्तर, आमच्या पोराला डोकंच नाही." कधी वडील म्हणतात, कधी आई. पोर शेजारी उभे राहून ऐकत असते. चौथीपर्यंत त्याने हे इतक्या वेळा ऐकलेले असते की स्वतःच्या नावासारखे ते त्याला पाठ होते. मग सातवीच्या आसपास दप्तर खुंटीला लागते. मुलगा गॅरेजात जातो, मुलगी घरात बसते, आणि डोके नव्हतेच म्हणून कोणाला हळहळही वाटत नाही.

आता हेच पोर तीन वर्षांचे असताना काय करीत होते, ते जरा आठवा. दादीशी ते घरच्या बोलीत बोलत होते, शेजारच्या काकूंशी मराठीत बोलत होते आणि गल्लीतल्या मोठ्या मुलांची हिंदी गाणी म्हणत होते. "मी आलो" आणि "मी आले" यांतला फरक त्याला कोणी फळ्यावर शिकवला नव्हता. मोठ्या माणसाला जाओ-जी करायचे आणि धाकट्याला अरे-तुरे, हेही त्याला कळत होते. एक संपूर्ण भाषा, काही घरांत दोन किंवा तीन, पाचव्या वर्षाच्या आत ज्याने आत्मसात केल्या त्याला डोके नाही, हे म्हणणे हिशोबात बसत नाही.

नेमक्या याच हिशोबापाशी शिनिची सुझुकी थबकले होते.

सुझुकींचा जन्म १८९८ साली जपानमधील नागोया शहरी झाला. वडील मासाकिची सुझुकी आधी सामिसेन नावाचे जपानी तंतुवाद्य बनवीत. पुढे ते व्हायोलिन बनवू लागले आणि त्यांनी त्या वाद्याचा मोठा कारखाना उभा केला. गंमत अशी की अशा घरात जन्मूनही शिनिची सतरा वर्षांचे होईपर्यंत व्हायोलिनला खेळण्यापलीकडे किंमत देत नव्हते. भावंडांच्या भांडणात ती लाकडे एकमेकांना मारायच्या कामी येत, असे त्यांनीच सांगितले आहे. मग एक दिवस मिशा एल्मन या वादकाची तबकडी कानी पडली. या पेटीतून असा आवाज निघतो हे त्यांना ठाऊकच नव्हते. कारखान्यातले एक व्हायोलिन त्यांनी घरी आणले आणि तबकडी ऐकून ऐकून स्वतःच शिकायला लागले. १९२१ साली ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये कार्ल क्लिंगलर यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले आणि सुमारे आठ वर्षे तिकडे राहिले. मोठ्या वयात परकी भाषा तोंडात बसवायला किती सायास पडतात, याचा अनुभव त्यांनी तिथे पुरेपूर घेतला. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जपानला परतल्यानंतर, १९३१ च्या सुमारास, एक गृहस्थ आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे आले आणि याला व्हायोलिन शिकवा म्हणाले. मुलाचे नाव तोशिया एतो. इतक्या लहान मुलाला शिकवण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. सुझुकी विचारात पडले, आणि त्यांना एकदम जाणवले की जपानमधली झाडून सगळी मुले जपानी बोलतात. ओसाकाची मुले ओसाकाच्या ढंगात बोलतात, ईशान्येकडच्या तोहोकूची मुले तोहोकूच्या. आपल्याकडे म्हणायचे तर मालवणचे पोर मालवणी बोलते आणि अकोल्याचे वऱ्हाडी बोलते. मालवणच्या पोराला वऱ्हाडी येत नाही म्हणून त्याला कोणी मंद म्हणत नाही. आईच्या तोंडून जे येते ते मुलाच्या तोंडी उतरते. मग ज्या रीतीने भाषा येते त्याच रीतीने सूर का येऊ नये? हा छोटा एतो पुढे जपानमधला नामवंत वादक झाला आणि अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीत संस्थेत शिकला. तिथे त्याने अध्यापनही केले. पण सुझुकींचा भर अशा एखाद्या नामवंतावर कधीच नव्हता. त्यांना वर्गातली सगळी मुले हवी होती.

दुसऱ्या महायुद्धाने सर्व उद्ध्वस्त केले. व्हायोलिनच्या कारखान्यात विमानांचे भाग होऊ लागले होते. युद्धानंतर, १९४६ साली, डोंगरांनी वेढलेल्या मात्सुमोतो या गावच्या लोकांनी संगीतशाळा काढायचे ठरवले आणि सुझुकींना बोलावले. हरलेला देश, अन्नाची टंचाई, अशा काळात ही शाळा सुरू झाली. नऊ वर्षांनी, म्हणजे १९५५ साली, टोकियोच्या मोठ्या क्रीडागृहात हजाराहून अधिक मुलांनी एका वेळी व्हायोलिन वाजवले. १९६१ साली थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी टोकियोत सुमारे चारशे मुलांचे वादन ऐकले तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत. १९६४ साली सुझुकी दहा मुलांना घेऊन अमेरिकेला गेले, आणि त्यानंतर त्यांची पद्धत देशोदेशी पसरली. १९९८ साली, शंभरीला काही महिने उरले असताना, मात्सुमोतोतच त्यांचे निधन झाले.

चरित्र एवढे पुरे. कामाचा भाग त्यांच्या वर्गात आहे.

तीन-चार वर्षांचे मूल प्रथम आणले की सुझुकी त्याच्या हाती व्हायोलिन देतच नसत. व्हायोलिन द्यायचे ते आईच्या हाती. मुलाने जे वाजवायचे ते गाणे आईने आधी शिकायचे, तेही मुलासमोर. घरी त्याच गाण्याची तबकडी दररोज लावायची. मूल खेळत असो, जेवत असो, गाणे कानावर पडत राहिले पाहिजे. "ऐक, लक्ष दे" असे कोणी म्हणायचे नाही. पाळण्यातल्या बाळाला आपण "आता मी मराठी बोलतोय, लक्ष दे" असे कुठे म्हणतो? काही आठवडे गेले की मूल आईच्या हातातले व्हायोलिन ओढू लागते : मला पण. मग त्याच्या मापाचे, चिमुकले, नेहमीच्या आकाराच्या सोळाव्या हिश्श्याचे म्हणतात ते व्हायोलिन त्याला मिळते. पहिला पाठ एक-दोन मिनिटांचा. पहिले गाणे तर जगभर बालवाडीत म्हणतात त्या चमचमत्या ताऱ्याच्या चालीचे. मूल पहिल्यांदा "अम्मा" म्हणते तेव्हा घरात जसा आनंद होतो, तसाच पहिल्या सुराला व्हायचा.

इथे आयांना मी मुद्दाम एक गोष्ट सांगतो. त्या जपानी बाया संगीत शिकलेल्या नव्हत्या. बहुतेकींनी व्हायोलिन पूर्वी हातातही धरले नव्हते. आपल्या शाळेत एखाद्या आईला बोलावले तर ती दाराशीच उभी राहून म्हणते, "सर, मी काय सांगणार, मला वाचता येत नाही." पण बाई, तुमच्या मुलाला बोलायला कोणी शिकवले? व्याकरणाचे एक पुस्तक न उघडता तुम्ही ते केलेत. आईला विषय किती येतो याच्याशी सुझुकींना कर्तव्य नव्हते. ती रोज शेजारी बसते की नाही, एवढेच ते पाहत.

वडिलांची यातून सुटका होते असे कृपया समजू नये. मात्सुमोतोच्या वर्गात वडीलही येत.

स्वरलिपी वाचायला सुझुकी उशिरा शिकवीत. मूल आधी बोलते, वाचायला नंतर शिकते, हाच क्रम त्यांनी ठेवला. आणि जुने गाणे त्यांनी कधी सोडू दिले नाही. मुलाला "पाणी" हा शब्द आला म्हणजे तो टाकून पुढच्या शब्दाकडे जात नाहीत. तोच शब्द ते आयुष्यभर वापरते आणि दर वेळी अधिक सफाईने. तसेच दहावे गाणे आले तरी पहिले नऊ रोज वाजवायचे, अधिक गोड वाजवायचे. ज्यांच्या घरातले मूल हिफ्ज करते त्यांना हे नवे वाटणार नाही. नवा सबक, मागच्या काही दिवसांची सबकी आणि जुन्या पाऱ्यांची मंजिल असा त्या मुलाचा दिवस आखलेला असतो, आणि जुने म्हटल्याशिवाय उस्ताद नवे देत नाहीत. दोन्ही गोष्टी एका पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही. संगीताविषयी आपल्यात मतभेद आहेत, त्यांत मी शिरत नाही. कोणाला व्हायोलिन घ्या म्हणून सांगायलाही मी उभा नाही. पाठ टिकवण्याची जी रीत आपल्या डोळ्यांसमोर रोज चालते, ती पाढ्यांना आणि धड्यांना का लावत नाही, एवढेच विचारतो. आपण चाचणी झाली की धडा मिटतो. मी मास्तर म्हणून सांगतो, हा दोष घरापेक्षा शाळेचा जास्त आहे.

पुनरावृत्तीबद्दल सुझुकी एक मजेदार हकिगत सांगत. त्यांच्या ओळखीच्या एका शिक्षकाने पोपटाच्या जातीचा एक छोटा पक्षी पाळला होता. त्याला "पीको" हे त्याचे नाव म्हणायला शिकवायचे ठरले. रोज पन्नास वेळा याप्रमाणे दोन महिने, म्हणजे सुमारे तीन हजार वेळा ते नाव त्याला ऐकवले, तेव्हा कुठे पक्षी "पीको" म्हणाला. मग आडनाव शिकवायला घेतले. ते दोनशे वेळांतच आले. आता पहिल्या महिन्याच्या अखेरीस, दीड हजार वेळा सांगून झाल्यावर, त्या शिक्षकाने "याला डोकंच नाही" म्हणून पिंजरा अडगळीत ठेवला असता तर? आपली बरीच मुले त्या दीड हजाराच्या टप्प्यावर सोडून दिलेली असतात. पहिले वाचन यायला फार वेळ लागतो. एकदा ते आले की पुढचे झपाट्याने येते. वेळ लागण्याचा काळ आणि आपला धीर संपण्याचा काळ नेमका एकच असतो, हे दुर्दैव.

आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर असते : "ते त्यांच्या रक्तातच असतं." गवयाचा मुलगा गवई होतो, मग रक्ताची थोरवी सिद्ध झाली. उदाहरण आपल्या मिरजेचेच घेऊ. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब (१८७२–१९३७) मिरजेत राहिले. त्यांची मुले सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे, तिन्ही नामांकित गायक. रक्त म्हणावे तर म्हणा. पण पाळण्यात असल्यापासून त्या घरात पहाटेचा षड्ज कानी पडत होता, तो कोणत्या खाती मांडायचा? आणि खाँसाहेबांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व, म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, यांचे तर त्यांच्याशी रक्ताचे नाते नव्हते. त्यांना गुरुगृही ऐकायला मिळाले आणि मेहनत करायला मिळाली. सुझुकींना हे घराणे ठाऊक होते असे मी म्हणत नाही. पण त्यांनी पाहिले असते तर रक्ताआधी कानाकडे बोट दाखवले असते.

कानाची ही गोष्ट पुढे शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिली. १९८४ साली कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी आपलेच दोन वर्ण घेतले होते, "त" आणि "ट". इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना या दोन वर्णांतला हिंदी भाषेतला फरक सहसा ऐकूच येत नाही. पण इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ऐकू येत होता! दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत मात्र तीही बहुतेक तो विसरली, कारण घरात ते वर्ण कोणी उच्चारतच नव्हते. हिंदी घरातल्या बाळांचा कान तसाच शाबूत राहिला. म्हणजे मूल सगळ्या भाषांना उघडा कान घेऊन येते, आणि घर त्यातले जे वापरते ते टिकते.

दुसरा प्रयोग २००३ सालचा, अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल यांचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळली, बोलली. काहींना तेच पडद्यावर दाखवले, काहींना नुसता आवाज ऐकवला. समोर माणूस बसलेल्या बाळांनी चिनी वर्णांतला फरक आत्मसात केला. पडद्यासमोरची आणि नुसत्या आवाजाची बाळे जिथल्या तिथेच राहिली. मूल रडू नये म्हणून त्याच्या हातात मोबाइल देणाऱ्या मंडळींनी हा प्रयोग ध्यानात घ्यावा. सुझुकी तबकडीवर भर देत हे खरे, पण तबकडीशेजारी आई होती.

सुझुकींचे सगळेच मला मान्य आहे असे नाही. त्यांचे टीकाकार म्हणत की ही मुले कानाने वाजवतात, पण नवी स्वरलिपी पुढे ठेवली की अडखळतात. काही वर्गांत ते खरेही ठरले. माझी शंका वेगळी आहे. भाषेवाचून मुलाचे चालत नाही. तहान लागली तर पाणी मागावेच लागते. व्हायोलिनवाचून मात्र कोणाचेच अडत नाही. मग मूल ते का शिकेल? सुझुकींना ही अडचण पुरती कळली होती, म्हणून तर त्यांनी ती गरज घरात निर्माण केली : आई वाजवते, थोरली बहीण वाजवते, आठवड्याला सगळी मुले मिळून वाजवतात, तेव्हा आपणही वाजवल्याशिवाय त्या घोळक्यात जागा नाही. धाकटी भावंडे तर थोरल्याच्या शिकवणीला आईच्या मांडीवर बसून असत. त्यांची पाळी येई तेव्हा निम्मे त्यांना ठाऊकच असे. शाळेतल्या वाचनाचेही तसेच आहे. ज्या घरात वर्तमानपत्राचा कागद फक्त भजी बांधून येतो, त्या घरातल्या मुलाला वाचायची तहान कुठून लागणार? ती लावावी लागते. मुलाने अडखळत वाचावे आणि घरातल्या कोणीतरी "मग पुढे काय झालं?" असे विचारावे. विचारणारा साक्षर असलाच पाहिजे असे नाही.

काही मुलांना ऐकू कमी येते, काहींची वाचा उशिरा फुटते. त्यांना वेळीच डॉक्टरांना दाखवले पाहिजे. त्यांनाही "डोकं नाही" म्हणून मोकळे होणारे पालक मी पाहिले आहेत. सुझुकींनी एका आंधळ्या मुलालाही शिकवले. गजाचे टोक कुठे आहे हे त्याला दिसत नव्हते, तेव्हा न पाहता ते हाताने अचूक गाठण्याचा सराव त्यांनी त्याच्याकडून करून घेतला. आधी स्वतः तो करून पाहिला, हे विशेष.

शाळेपुरता सर्वांत उपयोगी प्रयोग मात्सुमोतोच्या होंगो प्राथमिक शाळेत झाला. तिथल्या मुख्याध्यापकांनी चाळीस मुलांचा पहिलीचा एक वर्ग सुझुकींच्या रीतीने चालवायला दिला. यात व्हायोलिन नव्हते. नेहमीचेच विषय होते. अट एकच, कोणालाही नापास म्हणून मागे टाकायचे नाही. शिकवलेले सगळ्यांना येईपर्यंत घोटायचे, जुने रोज म्हणायचे, घरचा अभ्यास नाही. त्या वर्गात तीनच्या पुढे मोजताच न येणारी एक मुलगी होती. इतर कुठल्याही शाळेत तिला मंदबुद्धी म्हणून बाजूला बसवले असते. सुझुकींनी लिहून ठेवले आहे की चौथीपर्यंत ती इतरांच्या बरोबरीला आली. हा प्रयोग फार वर्षे चालला नाही. चांगल्या प्रयोगांचे असे होते, त्याची कारणे शिक्षकमंडळींना वेगळी सांगायला नकोत.

आपल्या पहिलीच्या वर्गात चाळीसहून अधिक मुले आहेत. त्यांतली बरीच घरी दखनी किंवा कोकणी बोलतात, आणि पहिल्या दिवशी त्यांच्या कानावर पुस्तकातली मराठी पडते. पहिले तीन महिने ती गप्प असतात. ते गप्प बसणे म्हणजे त्या पक्ष्याचे तीन हजार वेळा ऐकणे आहे, असे मी आता समजतो, आणि त्या काळात कोणाच्याही प्रगतिपुस्तकावर शेरा लिहीत नाही. सहकाऱ्यांनाही माझी तशी विनंती आहे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने एक लहानसा उपक्रम येत्या जूनपासून सुरू करीत आहोत. दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास पहिलीच्या मुलांच्या आयांनी वर्गात बसायचे आहे. बाकावर मुलाशेजारीच बसावे. त्या आठवड्यातली कविता आणि एक पाढा आम्ही सर्वांकडून म्हणवून घेऊ. घरी स्वयंपाक करता करता तेवढे म्हटले की पुरे. वही, पेन्सिल, फी काही लागणार नाही. ज्यांना शनिवारी काम असते त्यांच्या घरून दादी, नानी किंवा थोरली बहीण आली तरी चालेल, आणि वडील आले तर त्यांनाही बाक आहे. धाकट्या मुलांना घरी ठेवून येऊ नये. सोबत घेऊन यावे.